बॉयसी ओपन : दुसऱ्या फळीची पस्तीस वर्षं



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, ते खेळाचे शिक्षक होते. जिंकलेल्या मुलांची नावं गावाला पाठ असतात. जिल्ह्याच्या संघात शेवटच्या क्षणी ज्यांची निवड हुकली त्यांची नावं सरांना पाठ असत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. म्हणून मी आज विषयही तसाच निवडला आहे. गोल्फमधल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, त्या दूरचित्रवाणीवर दिसतात. मी बोलणार आहे अमेरिकेतल्या आयडाहो राज्याची राजधानी असलेल्या बॉयसी या शहरातल्या एका स्पर्धेबद्दल. तिचं नाव बॉयसी ओपन. १९९० पासून ती दर वर्षी भरते, एकाच शहरात, एकाच मैदानावर. आणि ती पहिल्या दर्जाची स्पर्धा नाही. कधीच नव्हती.

इथे बसलेल्या अनेकांचा गोल्फशी संबंध नसेल, म्हणून थोडी मांडणी आधी करतो. अमेरिकेत व्यावसायिक गोल्फचं सर्वांत वरचं वर्तुळ म्हणजे पीजीए टूर. तिथे वर्षभर खेळण्याचा हक्क मिळाला, की खेळाडू म्हणतात, ‘कार्ड मिळालं’. हे कार्ड कायमचं नसतं. वर्षभरात पुरेशी कामगिरी झाली नाही तर ते जातं. मग ज्याचं कार्ड गेलं त्यानं कुठे खेळायचं? ज्याला अजून मिळालेलंच नाही त्यानं कुठे खेळायचं? १९९० च्या आधी या प्रश्नाला नीट उत्तर नव्हतं. गावोगावच्या छोट्या स्पर्धा होत्या, त्यात खेळाडूंनी भरलेल्या प्रवेश शुल्कातूनच बक्षिसं दिली जात. कोणी आशियात जाई, कोणी दक्षिण आफ्रिकेत. आणि वर्षाच्या शेवटी एक पात्रता फेरी असे, तिला क्यू-स्कूल म्हणत. सहा दिवसांच्या त्या शेवटच्या फेरीत एक फटका चुकला, की पुन्हा वर्षभर थांबायचं.

आयुष्य सहा दिवसांवर टांगायचं का? पीजीए टूरचे तेव्हाचे आयुक्त डीन बीमन यांनी ठरवलं, की नाही. वर्षभर चालणारी दुसरी फळी उभी करायची, तिथे वर्षभर खेळायचं आणि वर्षाच्या कमाईवर वरचा दरवाजा उघडायचा. बेन होगन यांच्या नावाच्या गोल्फसाहित्याच्या कंपनीनं पैसा दिला आणि १९९० मध्ये ‘बेन होगन टूर’ सुरू झाली. तीस स्पर्धा, बहुतेक ठिकाणी एकूण बक्षीस एक लाख डॉलर, विजेत्याला वीस हजार. खेळ तेव्हा तीन दिवसांचा, ५४ होलचा. वर्षाच्या शेवटी कमाईच्या यादीतले पहिले पाच जण वर जाणार. फक्त पाच.

होगन हे नाव प्रायोजकामुळे आलं हे खरं, तरी मला ते फार योग्य वाटतं. होगन १९३० मध्ये, सतरा वर्षांचे असताना, व्यावसायिक झाले. त्याआधी टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला ते कॅडी होते, दुसऱ्यांच्या बॅगा वाहायचे. व्यावसायिक झाल्यावर पैसे संपले म्हणून त्यांना एकाहून अधिक वेळा दौरा सोडून घरी परतावं लागलं. एकट्याच्या बळावर पहिली मोठी स्पर्धा त्यांनी जिंकली १९४० मध्ये. दहा वर्षं गेली! पुढे १९४९ मध्ये त्यांच्या मोटारीवर एक बस आदळली, पुन्हा चालता येईल की नाही अशी शंका होती. सोळा महिन्यांनी त्यांनी यूएस ओपन जिंकली. पण माझं मन त्या अपघातापेक्षा त्या दहा वर्षांत जास्त अडकतं. अपघातातून उठण्याला जगानं टाळ्या वाजवल्या. त्या दहा वर्षांना टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं. १९३० मध्ये अशी दुसरी फळी असती, तर होगन यांची ती दहा वर्षं किती वेगळी गेली असती?

या फळीची ताकद लगेच दिसली. पहिल्या वर्षी जॉन डेली नावाच्या तरुणानं तिथली युटाची स्पर्धा जिंकली. पुढच्या वर्षी तो पीजीए चॅम्पियनशिपच्या प्रतीक्षायादीत नववा होता, आयत्या वेळी त्याला जागा मिळाली, आणि तो ती स्पर्धा जिंकून गेला. त्याच १९९१ मध्ये टॉम लेमन या फळीतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. लेमनचं कार्ड ऐंशीच्या दशकातच गेलं होतं. त्यानंतर कितीतरी वर्षं तो देशोदेशी फिरून छोट्या स्पर्धा खेळला. खेळ सोडून विद्यापीठात प्रशिक्षकाची नोकरी धरावी, इथपर्यंत विचार गेला होता. १९९६ मध्ये तो ब्रिटिश ओपन जिंकला. १९९७ मध्ये एक आठवडा जगात पहिल्या क्रमांकावर होता. एक आठवडाच, पण होता.

ही फळी का हवी होती, हा माझा पहिला मुद्दा झाला. आता बॉयसीकडे येतो. माझा दुसरा मुद्दा आहे टिकण्याचा.

१९९० मध्ये या फळीत तीस स्पर्धा सुरू झाल्या. त्यातल्या आज किती उरल्या? चार. बॉयसी, नॉक्सव्हिल, विचिटा आणि युटा. जिथे या टूरचा पहिला चेंडू मारला गेला, ती कॅलिफोर्नियातली बेकर्सफिल्डची स्पर्धासुद्धा उरली नाही. टूरला स्वतःला सहा नावं लागली : होगन, नायकी, बाय डॉट कॉम, नेशनवाइड, वेब डॉट कॉम, आणि २०१९ पासून कॉर्न फेरी. दर वेळी नवा प्रायोजक, नवा फलक. बॉयसी ओपन मात्र बॉयसी ओपनच राहिली.

हे का घडलं? माझ्या मते त्याची कारणं गोल्फच्या बाहेर आहेत. पीजीए टूरची नियमित स्पर्धा आयडाहोत होत नाही. जवळच्या मोठ्या शहरांच्या सावलीत असलेल्या गावांना दुसऱ्या फळीची स्पर्धा म्हणजे उणीव वाटते. बॉयसीला ती स्वतःची वाटली. २००२ पासून तिला अल्बर्टसन्स या किराणा दुकानांच्या साखळीचं नाव जोडलं गेलं. ही कंपनी बॉयसीतलीच. १९३९ मध्ये जो अल्बर्टसन यांनी तिथे पहिलं दुकान उघडलं आणि तिचं मुख्यालय आजही त्याच शहरात आहे. बाहेरचा प्रायोजक ताळेबंद बिघडला की निघून जातो. इथे प्रायोजकाचे कर्मचारी, त्यांची मुलं, त्यांचे शेजारी त्याच मैदानाच्या दोरीबाहेर उभे असतात. सोडून जाणं सोपं राहत नाही.

आणि तिकिटांची व्यवस्था बघा. शहरातल्या सेवाभावी संस्था तिकिटं विकतात आणि त्यांनी विकलेल्या तिकिटांचा पैसा त्यांच्याचकडे राहतो. म्हणजे स्पर्धा बंद पडली तर नुकसान गोल्फ आवडणाऱ्यांचंच नाही. अनाथांसाठी, आजाऱ्यांसाठी, शाळकरी मुलांसाठी काम करणाऱ्या माणसांचंही आहे. एखादी स्पर्धा गावात रुजते ती अशी. या फळीतल्या गावांमध्ये आणखी एक पद्धत आहे. खेळाडूंना हॉटेल परवडत नाही, म्हणून स्थानिक कुटुंबं त्यांना आठवडाभर घरी ठेवून घेतात. वरच्या खोलीत राहिलेला पोरगा पाच वर्षांनी टीव्हीवर दिसला, की त्या घराला काय वाटत असेल, याची कल्पना करा.

मैदानाचं नाव हिलक्रेस्ट कंट्री क्लब. शहराच्या वर, पठारासारख्या उंच सपाटीवर ते आहे. समुद्रसपाटीपासून बॉयसीची उंची सुमारे २७०० फूट, हवा कोरडी आणि जरा विरळ. चेंडू थोडा लांब जातो. झाडांच्या ओळीमधून सरळ मारणाऱ्याला भरपूर बर्ड्या मिळतात, म्हणजे होल ठरलेल्यापेक्षा एका फटक्यानं कमी घेऊन संपतो, त्यामुळे पारपेक्षा, म्हणजे मैदानासाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा, वीस फटके कमी अशा गुणसंख्येलाही इथे जिंकण्याची खात्री नसते. चार दिवस सतत चांगलं खेळावं लागतं. एक दिवस नुसता बरा गेला, तर मागे पडलात.

माझा तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि त्याच्यासाठी मी जास्त वेळ घेणार आहे. दुसऱ्या फळीकडे आपण नेहमी शिडी म्हणून बघतो. खालून वर जाणाऱ्यांची शिडी. बॉयसीच्या विजेत्यांची यादी नीट वाचली, तर वेगळंच दिसतं. तिथे वर जाणारे आहेत, तसे वरून खाली आलेलेही आहेत, आणि ते एकाच दिवशी एकाच गटात खेळतात. आपल्याकडे मुंबईच्या कांगा क्रिकेट लीगमध्ये भर पावसात कसोटी खेळलेला फलंदाज आणि कॉलेजातला गोलंदाज समोरासमोर उभे राहतात, तसंच काहीसं.

२०१८ चा विजेता घ्या. सांगमून बे, दक्षिण कोरियाचा. २०१३ मध्ये आणि २०१४ मध्ये त्यानं पीजीए टूरवर दोन स्पर्धा जिंकल्या होत्या. २०१५ मध्ये तो आंतरराष्ट्रीय संघातून प्रेसिडेंट्स कप खेळला, आणि लगेच त्याला मायदेशी सक्तीच्या लष्करी सेवेत जावं लागलं. जवळजवळ दोन वर्षं. एकोणतिशीतला, भरात आलेला खेळाडू. परत आला तेव्हा हातातला खेळ गेला होता. स्पर्धेमागून स्पर्धा कट चुकत राहिला. कट चुकणं म्हणजे काय, तर दोन दिवसांनंतर निम्म्याहून अधिक खेळाडू घरी जातात आणि त्यांना एक पैसा मिळत नाही. बे बॉयसीला आला आणि तिथे जिंकला. वरच्या टूरवरची त्याची जागा त्या विजयानं परत मिळाली. वरच्या टूरवर दोनदा जिंकलेल्या माणसाला आपलं घर परत मिळालं ते दुसऱ्या फळीत.

त्याच्या आदल्या वर्षी, २०१७ मध्ये, इथे जिंकला चेसन हॅडली. २०१४ मध्ये हाच हॅडली पीजीए टूरवरचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला होता. तीन वर्षांत तो पुन्हा खाली आला होता. सर्वोत्तम नवोदित ठरलेल्या माणसाला लोकांनी दिलेलं भविष्य किती लवकर जुनं होतं!

आणि २०२० चं साल. प्रेक्षक नव्हते. मैदानावर टाळ्या नाहीत, गावातल्या घरांत पाहुणे नाहीत. जिंकला श्टेफान येगर, म्युनिकमध्ये जन्मलेला, मुलगा असताना अमेरिकेत टेनेसीला शिकायला आलेला. याच येगरनं २०१६ मध्ये या फळीतल्या एका स्पर्धेत एका दिवसात ५८ फटक्यांत मैदान पूर्ण केलं होतं. पण २०२० मध्ये महामारीमुळे दोन वर्षांचा हंगाम एक करण्यात आला होता. जिंकूनही त्या वर्षी त्याला वर जाता येणार नव्हतं. विजयाचा चषक घेऊन तो त्याच फळीत आणखी एक वर्ष खेळला, आणि २०२१ मध्ये वर गेला. मार्च २०२४ मध्ये त्यानं ह्यूस्टन ओपन जिंकली. त्याच्यापेक्षा एका फटक्यानं मागे राहिलेल्यांत तेव्हा जगात पहिला असलेला स्कॉटी शेफलर होता. शेफलरसुद्धा २०१९ मध्ये याच दुसऱ्या फळीचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू होता. दोघे एकाच वर्गातले.

मला सर्वांत जवळचा वाटतो जेसन गोर. २००२ मध्ये तो बॉयसीत जिंकला. तीन वर्षांनी, २००५ मध्ये, पाइनहर्स्टला यूएस ओपन सुरू होती. तीन दिवसांच्या खेळानंतर पात्रता फेऱ्यांच्या चाळणीतून आलेला हा जाडजूड, हसतमुख गोर शेवटच्या दिवशी शेवटच्या जोडीत होता, गतविजेता रटीफ गूसन याच्या बरोबर. सारा देश बघत होता. त्या दिवशी त्याला ८४ फटके लागले. गूसनलाही ८१ लागले, पण लक्षात राहिला तो ८४ चा आकडा. एवढ्या मोठ्या मंचावर असं झालं, की बहुतेक माणसं काही महिने तरी मोडून पडतात. गोरनं काय केलं? तो दुसऱ्या फळीत परत गेला आणि लागोपाठ तीन स्पर्धा जिंकला. तिसऱ्या स्पर्धेत, ओमाहाला, एका दिवशी ५९ फटके. या फळीत वर्षात तीन स्पर्धा जिंकल्या की वर्ष संपायची वाट न बघता वरचं कार्ड मिळतं. ते त्याला मिळालं, आणि त्याच सप्टेंबरमध्ये पीजीए टूरवर त्यानं पेनसिल्व्हेनियातली एक स्पर्धा जिंकली. जून ते सप्टेंबर, एवढ्यात हे सगळं.

विचार करा. ८४ च्या दुसऱ्या दिवशी त्याला खेळायला कुठे तरी जागा होती, म्हणून हे झालं. हरल्यानंतर लगेच पुन्हा खेळायला मिळणं, पुन्हा मोजलं जाणं, यापेक्षा मोठी मदत खेळाडूला कुणी करू शकत नाही. कौतुक नको, सहानुभूतीही नको. पुढच्या गुरुवारी सकाळी पहिल्या टीवर उभं राहायला मिळालं पाहिजे.

तीन विजयांचा तो नियम १९९७ पासून लागू आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बॉयसीत तो पुन्हा कामाला आला. मॅट मॅकार्टी हा डावखुरा खेळाडू त्या उन्हाळ्यात आधीच दोन स्पर्धा जिंकला होता. बॉयसीत तिसरी जिंकली आणि तो तिथूनच वर गेला. ऑक्टोबरमध्ये पीजीए टूरवरच्या त्याच्या तिसऱ्याच स्पर्धेत, शेजारच्या युटामध्ये, तो जिंकला. हिलक्रेस्टवर त्याला पाहिलेल्या प्रेक्षकांना त्याच्या विजयाचं आश्चर्य वाटलं नसणार.

चौथी गोष्ट थोडक्यात, पण काळजीची. १९९० मध्ये वर जाण्याच्या जागा पाच होत्या, त्या हळूहळू पंचवीसवर गेल्या. क्यू-स्कूलमधून थेट वर जाण्याची वाट २०१२ नंतर काही वर्षांसाठी बंद झाली, आणि २०१३ पासून दर वर्षी हंगामाच्या शेवटी मोजक्या स्पर्धांची अंतिम मालिका धरून या फळीतून पन्नास कार्डं दिली जाऊ लागली. २०१६ पासून बॉयसी त्या अंतिम मालिकेत आहे. मात्र २०२३ मध्ये कार्डं तीस झाली, आणि २०२५ पासून वीस. बक्षिसाची रक्कम वाढली आहे. २०२४ मध्ये बॉयसीत एकूण बक्षीस पंधरा लाख डॉलर होतं, पहिल्या वर्षाच्या कितीतरी पट. पण पैसा वाढला आणि दार अरुंद झालं. वरच्या टूरला मोजके नामांकित खेळाडूच हवे आहेत, दूरचित्रवाणीला तेच विकता येतं. हा निर्णय मला चुकीचा वाटतो. येगर वर जायला कितीतरी वर्षं झगडला. वीसच जागा असत्या तर तो आणखी किती वर्षं टिकला असता? आणि टिकला नसता तर ह्यूस्टनला शेफलरला कोणी हरवलं असतं?

आपला, म्हणजे भारताचा, या फळीशी संबंध आहे का? आहे, आणि तो अभिमानाचा आहे. आसनसोलला जन्मलेला, कोलकात्यात खेळ शिकलेला अर्जुन अटवाल २००८ मध्ये याच फळीतली टेनेसीची चॅटनूगा क्लासिक जिंकला. तेव्हा ही नेशनवाइड टूर होती. २०१० मध्ये त्याचं वरचं कार्ड गेलं. ऑगस्टमध्ये ग्रीन्सबरोच्या विंडहॅम चॅम्पियनशिपसाठी तो सोमवारी पात्रता फेरी खेळून मैदानात शिरला, आणि रविवारी ती स्पर्धा जिंकला. पीजीए टूरवर स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय! सोमवारी पात्र ठरून रविवारी जिंकणं तिथे १९८६ नंतर कोणाला जमलं नव्हतं. कॅलिफोर्नियात जन्मलेला भारतीय वंशाचा अक्षय भाटिया २०२२ च्या जानेवारीत, वीस वर्षांचाही नसताना, या फळीतली बहामातली स्पर्धा जिंकला आणि पुढे वर जाऊन टेक्सास ओपन जिंकला. महाविद्यालयात न जाता तो थेट व्यावसायिक झाला होता. त्याला वाढायला जागा मिळाली ती इथे.

म्हणून माझी तुम्हा सर्वांना एक विनंती आहे. भारतातल्या व्यावसायिक गोल्फपटूंच्या पीजीटीआय या टूरच्या स्पर्धा आपल्याकडेही होतात. पुण्यात येरवड्याला पूना क्लबच्या मैदानावर होतात. तिथे जगातला पहिला क्रमांक दिसणार नाही. पण कुणाचं तरी कार्ड गेलेलं असेल, कुणाला ते पहिल्यांदा मिळायचं असेल, आणि कॅडीचं काम करत करत खेळाडू झालेला एखादा मुलगाही दिसेल. गोल्फ कळत नसलं तरी चालेल. पुढच्या वेळी अशी स्पर्धा असेल तेव्हा एक सकाळ काढा, घरातल्या मुलांना सोबत घ्या, आणि स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी जा. शेवटच्या दिवशी नव्हे, दुसऱ्या दिवशी. कट त्या दिवशी ठरतो.